चौथी खूण

२ फेब्रुवारी

ताप उतरून आज दहा दिवस झाले. पायांत जोर आला, पण तोंडाला चव नाही. ही म्हणते, औषधांनी जीभ मेलीय, येईल परत. मला विचाराल तर हिचा हातच उतरलाय. सकाळचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. आलं घातलंय म्हणून माझ्या गळ्याची शपथ घेते. आल्याचा घशाला चटका बसतो तेवढाच. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या चहाला नावं ठेवायची हिंमत मला फक्त या वहीत होते.

वहीची सवय वीज खात्यातल्या नोकरीतली. तारीख, घर, दोष, उपाय, अशा चार ओळी रोज रात्री साहेबांना दाखवाव्या लागत. निवृत्त झालो, साहेब गेले, वही राहिली.

धाकटीचा फोन आला होता. बहीण साठीला आली तरी मला ती धाकटीच. तिची लेक तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन वर्षभर राहायला येतेय. जावई कामासाठी दूर गेलाय. नवरा गेल्यापासून धाकटी त्या घरात एकटीच भिंतींशी बोलायची, आता नात येणार म्हणून तिचे पाय जमिनीवर नाहीत. मला म्हणाली, "दादा, तू येऊन एकदा बोर्ड बघून जा. पोरगी बरंच काय काय सामान आणतेय."

७ फेब्रुवारी

जाऊन आलो. दोन गल्ल्या चालताना धाप लागली, पण ते वहीतच.

घर आमच्या वडिलांचं. बोर्ड मी बसवलेला, एकेचाळीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागलो त्या साली. लाकडी फळी, त्यावर चिनी मातीचे सहा फ्यूज, शेजारी लोखंडी मेन स्विच. पॅसेजच्या भिंतीवर अजून तसाच आहे. त्यावर बसवलेल्या पत्र्याच्या झाकणाला मी हातानं हिरवा रंग दिला होता, तोही टिकलाय. पलीकडच्या खोलीत, त्याच भिंतीला टेकून, बाळाचा पाळणा ठेवलाय.

भाचीनं खरंच दुकान उचलून आणलंय. खोलीला एसी, न्हाणीघरात गिझर, ओट्यावर विजेची शेगडी, आणि दुपटी सुकवायला एक यंत्र. मी बोर्ड बसवला तेव्हा घरात दहा दिवे, चार पंखे आणि एक रेडिओ होता. रेडिओ म्हणजे तेव्हा मोठा लोड. वडील लावायच्या आधी मला विचारायचे.

बाळाला मांडीवर दिलं. बायका म्हणतात, तान्ह्याच्या टाळूला काय गोड वास येतो. मी नाक टेकवून बघितलं. काही नाही. स्वच्छ, नीटनेटकं मूल आहे. भाचीला तसं सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

१२ फेब्रुवारी

धाकटीकडे दोन दिवसांत दोनदा फ्यूज उडाला. दोन्ही वेळा मीच तार घातली. गिझर लावला की दिवे मान टाकतात, असं ती म्हणते. मीही पाहिलं. टाकतात.

तिनं विचारलं, "दादा, बोर्ड बदलायची वेळ आली का रे?"

मी तिला चार खुणा सांगितल्या. याच चार खुणा मी तीस वर्षं नव्या पोरांना पाठ करायला लावल्या. एक, दिवे लवतात. दोन, फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. तीन, झाकण हाताला गरम लागतं. चार, वास येतो. पहिल्या तिन्हींना शंभर कारणं असतात. चौथी खोटं बोलत नाही. बोर्ड आतून जळायला लागला की वास आधी येतो, ज्वाळा मागून.

खात्यात मला सगळे 'हुंग्या' म्हणायचे. चिडवायला ठेवलेलं नाव, पण पुढं साहेबसुद्धा म्हणायला लागले. मीटरच्या खोलीचं दार किलकिलं केलं की कुठला फ्यूज तापलाय ते मी सांगायचो. एकदा छापखान्यातली अडीचशे माणसं नुसत्या वासावरून बाहेर काढली. सगळे हसत होते. वीस मिनिटांनी कोणी हसत नव्हतं.

आज झाकण उघडून चांगलं हुंगलं. स्वच्छ. धाकटीला म्हटलं, निर्धास्त राहा.

१५ फेब्रुवारी

झाकण गरम लागलं. हाताची पालथी बाजू लावून बघितली. पण समोरच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन त्या भिंतीवर पडतं. पत्रा तापणारच. हुंगलं. काही नाही.

तीन खुणा झाल्या. चौथी नाही. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर दाखवता येईल.

१९ फेब्रुवारी

आज धाकटीकडे उंदराची शोधमोहीम. भाचीला सकाळपासून सडक्या मासळीसारखा वास येतोय. कुठं तरी उंदीर मेलाय म्हणून दोघींनी घर डोक्यावर घेतलं. कपाटं सरकवली, माळा उपसला. मी वाकून सोफ्याखाली टॉर्च मारला आणि कंबरेत उसण भरली. उंदीर मिळाला नाही. एक जुनी चप्पल आणि धाकटीचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा मिळाला.

मग भाची पॅसेजमध्ये उभी राहून म्हणाली, "मामा, वास इथं जास्त आहे. बोर्डापाशी."

आता हे मला ठाऊक का नाही? तापलेल्या प्लॅस्टिकला मासळीचाच वास येतो. पोरांना मीच शिकवलंय. म्हणून झाकण काढलं, फ्यूजला नाक लावलं, एकेक करून सहाही. काही नाही. भाचीला म्हटलं, बाळंतपणानंतर बायकांचं नाक तिखट होतं, नसलेले वास येतात. तुझ्या मामीला आपल्या घरी सहा महिने रॉकेलचा वास येत होता.

धाकटी हळूच म्हणाली, "दादा, मलाही थोडा..."

"तुला?"

तिनं परत एकदा नाक वर करून श्वास घेतला. माझ्याकडे बघितलं. "नाही गं," ती लेकीला म्हणाली. "दादाला येत नाही म्हणजे नाहीच. भास झाला मला."

 भाचीनं खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

२१ फेब्रुवारी

भाचीनं मला न विचारता इलेक्ट्रिशियन बोलावला. बोलावला कसला, बोलावली. तिशीची बाई, खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले. मला वाकून 'काका' म्हणाली, म्हणजे वळण आहे. पण मग पिस्तुलासारखं एक यंत्र काढलं. लाल ठिपका बोर्डावर पडतो आणि आकडा दिसतो. सकाळची वेळ होती, भिंतीवर ऊन नव्हतं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

"दुसरा फ्यूज अठ्ठ्याहत्तर अंश," ती म्हणाली. "काका, एवढा लोड या बोर्डाचा नाही. वायर जुनी, फळी लाकडाची, मागं बाळाची खोली. नवा डबा बसवू. प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा खटका, आणि मेनपासून जाड वायर. परवा येते, एका दिवसाचं काम आहे."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही जन्मायच्या आधी हा बोर्ड लागलाय."

"म्हणून तर," ती म्हणाली.

जीभ चुरुचुरु चालते. मी विचारलं, वास येतोय का तुम्हाला? ती म्हणाली, मला सर्दी आहे, मी आकड्यावर चालते. घ्या! नाक बंद आणि आल्या बोर्ड तपासायला.

ती गेल्यावर धाकटीनं मला बाजूला घेतलं. "तू सांग. तू म्हणशील तसं."

मी पुन्हा हुंगलं. मनापासून, डोळे मिटून. देवाशपथ काही नव्हतं. म्हटलं, "आणखी एक उन्हाळा आरामात काढेल. नको बोलावू."

धाकटीनं माझ्यासमोर फोन करून त्या बाईला नको म्हणून सांगितलं. भाची बाळाला थोपटत ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं, नवरा जवळ नाही म्हणून पोर हळवी झालीय.

आनंद झाला, खोटं कशाला लिहू? आठ वर्षांत कोणी मला काही विचारलेलं नाही. चव गेली, गुडघे गेले, पण बहीण अजून माझ्या शब्दावर चालते.

२४ फेब्रुवारी

एका दिवसात तीनदा फ्यूज. तिसऱ्यांदा भाची साबण लावून न्हाणीघरात आणि पाणी गार. तिनं आतून जे काही सुनावलं ते मामानं ऐकायचं नसतं.

आता जे केलं ते लिहितो. तार दुपदरी घातली. जिथं एक पदर हवा तिथं दोन पीळ देऊन. फ्यूजचं कामच आधी मरायचं, घर वाचवायचं. दुपदरी तार मरत नाही. माझ्या हाताखालच्या पोरानं हे केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर कानफटवलं असतं. पण हे तात्पुरतं आहे. चार दिवस फ्यूज उडाला नाही की भाचीही शांत होईल आणि त्या बाईचं नाव निघणार नाही. वास आला असता तर मी असं केलंच नसतं.

 

२८ फेब्रुवारी

चार दिवस झाले. फ्यूज एकदाही उडाला नाही. धाकटीनं फोन करून सांगितलं, "दादा, तुझ्या हाताला यश आहे." भाची मात्र माझ्याशी तुटक बोलते. तिनं पाळणा भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये घेतला होता, म्हणजे बाळाला एसीचा झोत थेट लागतो. मी गेलो होतो तेव्हा परत भिंतीला लावून दिला.

भिंतीला हात लागला. कोमट होती. ऊन.

हिच्याशी आज वाद. नवा साबण आणलाय, म्हणे चंदनाचा. मी म्हटलं, कंपन्या लुटतात, कशालाच वास राहिला नाही हल्ली. साबणाला नाही, फुलांना नाही, तुझ्या फोडणीला नाही. ही काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. नुसती बघत राहिली. बायकांचं हल्ली हे नवीनच.

४ मार्च

दुपार. ही डोळे तपासायला गेलीय. जाताना गॅसवर दूध ठेवून बजावून गेली, लक्ष ठेवा, वहीत डोकं घालून बसू नका. म्हणून वही घेऊन स्वयंपाकघरातच बसलोय, शेगडीकडे पाठ करून. दोन हातांवर दूध आहे. माझं नाक ते उतू जायच्या आधी सांगेल. हिला हे पंचेचाळीस वर्षांत पटलं नाही.

विचार करत होतो, दुपदरी तार आता काढून टाकावी. आठवडा उलटून गेला. मनाला लागून राहिलंय. उद्या सकाळी जाऊन एक पदर कमी करतो. मग काही झालं तर म्हणायला नको की

५ मार्च

काल वाक्य अर्धंच राहिलं. आता सगळं क्रमानं लिहितो. हात थांबत नाहीये, अक्षर कसंही येऊ दे.

ही फाटकातूनच ओरडत आली. "अहो! काय जळतंय? कोपऱ्यापर्यंत वास येतोय!" मी उठून मागं वळलो. पातेलं कोळसा झालं होतं. दूध कधीच आटून गेलं होतं. खोली धुरानं निळी झाली होती, मी त्या धुरात बसून माझ्या नाकाबद्दल लिहीत होतो.

हिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.  लसणाची पाकळी ठेचून नाकाला लावली. फिनेलची बाटली उघडली. कपाटातल्या डांबरगोळ्या, हिचं केसांचं तेल, बुटांचं पॉलिश. सगळं पाणी हुंगल्यासारखं.

ही दारात उभी होती. "तापापासून ना?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. परवा आंबलेली भाजी तुम्ही नाक न मुरडता खाल्लीत. सांगणार होते. पण तुम्हाला केवढा अभिमान त्या नाकाचा..."

मी पुढचं ऐकलं नाही. धाकटीला फोन लावला. उचलला नाही. बाळ झोपलं की दोघी फोन मुके करून ठेवतात. मी अनवाणीच निघालो. दोन गल्ल्या. आयुष्यात एवढ्या लांब मी कधी चाललो नव्हतो.

धाकटी ओसरीत बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. आत कपडे सुकवायचं यंत्र घुरघुरत होतं. भाची अंघोळीला गेली होती, गिझर चालू. एसी चालू. सगळं चालू.

"दादा? असा घामाघूम काय?"

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "धाकटे, मला तापापासून काहीच वास येत नाही. बाळ कुठंय?"

तिला उमगायला एक क्षण लागला. हातातलं दुपटं तिनं खाली ठेवलं नाही. ते तसंच धरून म्हणाली, "मग इतके दिवस तू काय हुंगत होतास?"

 मी आत धावलो.

खोलीच्या भिंतीवर ताटाएवढा तपकिरी डाग पडला होता. त्याच्या वर, वायर जिथून आत येते त्या भोकातून बारीक धूर येत होता, अगदी संथ, आणि पाळण्यावर उतरत होता. बाळ झोपलं होतं. मी उचललं आणि धाकटीच्या हातात दिलं. "बाहेर. रस्त्यावर. थांबू नकोस." न्हाणीघराचं दार बडवून भाचीला हाका मारल्या. ती अंगाला चादर गुंडाळून निघाली, मला ढकलून खोलीत शिरली, रिकामा पाळणा बघून जी किंचाळली ते मला मरेपर्यंत ऐकू येईल. "बाहेर आहे! आजीपाशी आहे!" मी ओरडलो. ती धावली.

मी मेन स्विचचा दांडा ओढला. हलला नाही. आतून वितळून चिकटला होता. पुन्हा ओढला, तळहात भाजला. झाकणाच्या फटीतून केशरी उजेड दिसला तेव्हा मीही बाहेर आलो.

ओसरीवर पडलेल्या धाकटीच्या फोनमध्ये त्या बाईचा नंबर होता. ती दहा मिनिटांत आली. येतायेताच तिनं वीज कचेरीत फोन करून खांबावरून पुरवठा तोडवला. मग गाडीतला लाल सिलिंडर काढून बोर्ड विझवला. तोवर फळी गेली होती, पॅसेजचं छत काळं झालं होतं, आणि बाळाच्या खोलीतल्या भिंतीचा तुकडा पाळण्यात पडला होता. उशीच्या जागी.

निवल्यावर तिनं पकडीनं आतलं एकेक काढलं. चिनी माती तडकून गेलेली. वायरचं रबर राख. पितळी पट्ट्या वाकलेल्या. त्या सगळ्यात एकच गोष्ट शाबूत होती. माझी दुपदरी तार. पीळसुद्धा सुटला नव्हता.

बाईनं ती माझ्या तळहातावर ठेवली.  

जुन्या सवयीनं लिहितो. तारीख काल. घर बहिणीचं. दोष माझा. उपाय, माहीत नाही.

११ मार्च

धाकटीकडे आज नवा बोर्ड बसला. तोवर तिघी आमच्याकडेच होत्या. पॅसेजमध्ये पांढरा डबा, आत बारा एमसीबी, प्रत्येकावर चिठ्ठी. गिझर, एसी, शेगडी, बाळाची खोली. बाईनं मला बोलावून प्रत्येक स्क्रू आवळलाय का ते बघायला लावलं. दया म्हणून असेल. मी बघितलं. सगळे आवळलेले होते. तिला म्हटलं, "तुमचा आकडा बरोबर होता." ती म्हणाली, "तुमच्या चार खुणाही बरोबर आहेत काका. ताईंनी सांगितल्या मला. फक्त तीन झाल्या की चौथीची वाट बघायची नाही."

हिनं डॉक्टरांची वेळ घेतलीय. वास कदाचित येईल परत, कदाचित नाही. धाकटी माझ्याशी नेहमीसारखी बोलते, चहा देते. पण आज दिवे लावताना तिनं मला काही विचारलं नाही. बाईकडे बघितलं.

भाची आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. एकाच घरात, एकाच पंगतीला बसून. आज मी तिथून निघताना ती आली आणि बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. मी भाजलेला हात लांब धरून बसलो. बाळानं माझं बोट पकडलं. मी सवयीनं मान खाली केली, टाळूला नाक टेकवलं, आणि मग आठवलं.

"पोरी," मी म्हटलं, "मला सांगशील? कसा येतो गं वास?"

ती वाकली. डोळे मिटून तिनं बाळाच्या टाळूशी श्वास घेतला, अगदी खोल. 

"धुराचा, मामा," ती म्हणाली. "रोज न्हाऊ घालते. अजून मला धुराचाच येतो."